१७८३ चं व्यंगचित्र: पगडीवाला इंग्रज आणि माणसाच्या तोंडाचा हत्ती, कुणी उलगडून सांगेल का?

शाईसांडू

नमस्कार मंडळी, इतिहासवाल्यांना एक विचारायचंय. ब्रिटिश म्युझियमच्या साईटवर जुनी चित्रं चाळत बसायची सवय लागलीये (झोप न येणाऱ्यांनी करून बघा, फुकट आहे). तिथे एक व्यंगचित्र सापडलं आणि ते काही डोक्यातून जाईना. जेम्स सेयर्स नावाच्या माणसाचं, तारीख ५ डिसेंबर १७८३, नाव मराठीत सांगायचं तर 'कार्लो खानाचा लेडनहॉल स्ट्रीटमध्ये विजयप्रवेश'.

चित्रात लंडनचा रस्ता. एक जाडजूड, दाट काळ्या भुवयांचा गोरा माणूस अंगरखा-पगडी घालून हत्तीवर बसलाय, आणि हत्तीला सोंडेसकट चक्क माणसाचं तोंड आहे, गुबगुबीत गालांचं. पुढे एक जण तुतारी फुंकत चाललाय. हत्तीस्वाराच्या झेंड्यावर आधी काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं, ते खोडून ग्रीक अक्षरं घातलीयेत. वर धुराड्यावर एक काळा पक्षी ओरडतोय, त्याच्या तोंडी शेक्सपिअरची ओळ.

गूगल केल्यावर एवढं कळलं की वर बसलेला चार्ल्स जेम्स फॉक्स. पण फॉक्स म्हणजे राजाच्या विरोधातला, लोकांचा पुढारी ना? मग त्यालाच नवाब का केलंय? आणि पुढे फॉक्स म्हणे असं म्हणाला की सेयर्सच्या चित्रांनी माझं जेवढं नुकसान केलं तेवढं पार्लमेंटमधल्या वादांनी आणि छापील टीकेनेही केलं नाही. एवढी ताकद असते का एका चित्रात? सत्ता डोक्यात गेलीये हे दाखवायला त्या काळात आणखी काय काय खुणा वापरायचे तेही कुणाला माहीत असेल तर लिहा, धागा भरकटला तरी चालेल.

जुनाबाजार

मस्त विषय काढलात. प्रतिसाद लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी तारीख. डिसेंबर १७८३ मध्ये फॉक्सचं ईस्ट इंडिया बिल पार्लमेंटमध्ये ऐन रंगात होतं. कंपनी तेव्हा कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली, हैदर अलीशी लढाई, आपल्या मराठ्यांशी १७७५ पासून लढाई, वडगावला १७७९ मध्ये नाक कापून घेतलेलं, सालबाईचा तह १७८२ मध्ये झाला तेव्हा कुठे दम खाल्ला. सरकारकडे हात पसरायची वेळ आली होती आणि इकडे बंगालमध्ये कंपनीचे नोकर गब्बर होऊन घरी परतत होते ते वेगळंच. तेव्हा कंपनीच्या नाकात वेसण घालायची हे जवळपास सगळ्यांनाच पटलेलं. वेसणीची दोरी कुणाच्या हातात, भांडण त्याचं होतं.

फॉक्सच्या बिलात (मसुदा बराचसा फॉक्सच्या गटातला खासदार एडमंड बर्क याचा) असं होतं की लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाऊसमधला कारभार डायरेक्टरांकडून काढून सात कमिशनरांकडे द्यायचा, चार वर्षांसाठी, आणि त्या सातांची नावं बिलातच घालून टाकलेली. साताचे सातही फॉक्स-नॉर्थ गटाचेच. हिंदुस्थानातल्या नेमणुका म्हणजे तेव्हा कुबेराचं कोठार होतं, कुणाचा पुतण्या कलकत्त्याला पाठवायचा, कुणाचा भाचा मद्रासला, सगळं या सातांच्या हाती येणार. तळं राखील तो पाणी चाखील हे कळायला इंग्रजांना मराठी म्हणीची गरज नव्हती.

आता चित्र बघा. हत्तीचं तोंड आहे लॉर्ड नॉर्थचं. अमेरिका हातची गेली तेव्हाचा पंतप्रधान हाच, आणि फॉक्सने त्याला पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षं उभा-आडवा घेतलेला. मग एप्रिल १७८३ मध्ये दोघांनी मिळून सरकार बनवलं! (आघाडी, रातोरात मैत्री वगैरे वाचून कुणाला काही आठवत असेल तर तो राग इथे काढू नये, धागा बंद होईल.) नॉर्थ अंगाने लठ्ठ आणि त्याच्या मागे खासदार फॉक्सपेक्षा जास्त, म्हणून हत्ती. वजन त्याचं, डोकं आणि अंकुश वरच्याचा. पुढचा तुतारीवाला बर्क, तुतारीला बंगालचा नकाशा लटकतोय. मागे दिसतंय ते इंडिया हाऊस, म्हणजे स्वारी तिथेच निघालीये, किल्ला सर करायला निघावं तशी.

आणि तो झेंडा. माझ्या मते सगळा डंख तिथे आहे. खोडलेली अक्षरं म्हणजे 'लोकांचा माणूस', फॉक्सची अभिमानाने मिरवायची पदवी. तिच्यावर काट मारून लिहिलंय 'बासिलेउस बासिलेओन', राजांचा राजा, जुन्या इराणी बादशहांची पदवी. खोडलेलं वाचता येईल एवढंच खोडलंय हे झूम करून बघा. पूर्ण मिटवलं असतं तर मजा गेली असती. काल काय होता आणि आज काय झालाय ते एका फडक्यावर.

कावळ्याबद्दल: ओळ साधारण अशी की रात्रीचा कावळा ओरडला, पुढे वाईट काळ आहे. आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येतो, तिकडे सरकार जातं.

आणि गेलंच. कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, बिल मोठ्या बहुमताने पास झालं, तेव्हा तिसऱ्या जॉर्जने लॉर्ड टेंपलच्या हाती निरोप फिरवला की जो बिलाच्या बाजूने मत देईल तो माझा मित्र नाहीच, शत्रू समजला जाईल. १७ डिसेंबरला लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, बिल ९५ विरुद्ध ७६ ने पडलं, दुसऱ्याच रात्री राजाने सरकार काढून टाकलं आणि १९ तारखेला चोवीस वर्षांचा विल्यम पिट (धाकटा पिट) पंतप्रधान. म्हणजे सरकार पाडलं राजाने, तेही बऱ्यापैकी आडमार्गाने. पण लोकांनी फॉक्ससाठी हळहळ का केली नाही, १७८४ च्या निवडणुकीत त्याची माणसं धडाधड का पडली, याचं उत्तर शोधताना हे चित्र बघावंच लागतं. राजाने मर्यादा ओलांडली होती आणि लोकांच्या डोळ्यासमोर मर्यादा ओलांडणारा म्हणून फॉक्स होता, पगडीसकट.

त्याच सेयर्सचं दहा दिवस आधीचं, २५ नोव्हेंबरचं चित्रही बघा, त्यात फॉक्स अख्खं इंडिया हाऊस खांद्यावर उचलून चाललाय. तेही चांगलं आहे पण त्यात फॉक्स नुसता चोर दिसतो. हत्तीवर तो बादशहा दिसतो, आणि चोरापेक्षा बादशहाची भीती जास्त.

काळीमांजर

जुनाबाजार काका, सलाम _/\_ वाचनखूण साठवली.

खुणांबद्दल विचारलंय तर माझी आवडती म्हणजे पाय. अठराव्या शतकातल्या चित्रांत कुणाची हाव दाखवायची असली की त्याचे पाय फाकवतात. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण तोंडाने म्हणतो, त्यांनी चित्रच काढलं. १७९१ च्या एप्रिलमधलं 'शाही ढांग' म्हणून एक चित्र आहे, रशियाची कॅथरिन एक पाय रशियाच्या खडकावर ठेवून दुसरा थेट कॉन्स्टँटिनोपलच्या चंद्रकोरीवर टेकवतेय आणि खाली युरोपातले राजे आणि पोप मान वर करून तिच्या घागऱ्यात बघतायत आणि एकेक जण चावट कॉमेंट मारतोय. मराठीत लिहिलं तर इथला संपादक मला बॅन करेल म्हणून लिहीत नाही. पण गंमत बघा, एवढी प्रचंड बाई, समुद्र ओलांडून उभी, आणि चित्रकाराने तिला जिथे सगळ्यात मोठी केलीये तिथेच सगळ्यात उघडी पाडलीये. ढांग जेवढी लांब तेवढी खालून सोय जास्त. तेव्हा तुर्कस्तानशी तिचं युद्ध चालू होतं आणि तिने तुर्कांकडून घेतलेल्या ओचाकोव्हच्या किल्ल्यावरून पिटने तिला आधी दम दिला आणि मग स्वतःच शेपूट घातलं, त्या आठवड्यांतलं हे चित्र.

मग तीच पोज पिटला मिळाली. त्या काळचा दुसरा मोठा व्यंगचित्रकार जेम्स गिलरे, त्याचं जानेवारी १७९७ चं 'राक्षसी हरकाम्या', त्यात पिट स्पीकरच्या खुर्चीवर दोन्हीकडे पाय टाकून उभा, एवढा उंच की छताला टेकेल, आणि हातात कप आणि दोरीला बांधलेला बॉल असतो ना, मुलं खेळतात तो खेळ, त्यात बॉलच्या जागी पृथ्वीचा गोल! एका पायाखाली विरोधी पक्ष चिरडला जातोय, दुसरा पाय स्वतःच्या लोकांनी उचलून धरलाय आणि पिटचा समर्थक कॅनिंग त्या पायाच्या अंगठ्याचं चुंबन घेतोय. ते चुंबन मला फार आवडतं. राक्षस एकटा राक्षस होत नाही, खाली पाय धरणारे लागतात, हे गिलरेला बरोबर कळलेलं.

अजून एक, बूट. १७६० च्या दशकात लॉर्ड ब्यूट राजाचा लाडका म्हणून पंतप्रधान झाला, नावाचा उच्चार बुटाच्या जवळचा, झालं, प्रत्येक चित्रात गुडघ्यापर्यंतचा घोडेस्वाराचा बूट आणि शेजारी बाईचा परकर. परकर म्हणजे राजाची आई, दोघांचं लफडं आहे अशी आवई होती. हा बूट अटलांटिक ओलांडून गेला, ऑगस्ट १७६५ मध्ये स्टँप टॅक्सविरुद्ध बॉस्टनकरांनी झाडाला पुतळा टांगला तेव्हा शेजारी एक बूट पण टांगला, आतून सैतान डोकावतोय असा. म्हणजे चित्र न बघितलेल्या माणसालाही खूण कळत होती.

पेन्शनर

वर मराठ्यांचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. हत्तीवरचा फॉक्स हिंदुस्थानात कधी आलाच नाही, त्याचा हिंदुस्थान कागदावरचा. पण गिलरेचं एक चित्र आहे ज्याच्या मागच्या चिखलात आपली माणसं खरोखर उभी होती.

६ डिसेंबर १७९१ चं, नाव 'मान्सूनचं आगमन, अर्थात श्रीरंगपट्टणहून माघार'. चित्रात श्रीरंगपट्टणच्या तटावर टिपू सुलतान उभा राहून खाली इंग्रज फौजेवर चक्क लघवी करतोय आणि लॉर्ड कॉर्नवॉलिस पळत सुटलाय. तो 'मान्सून' हा! इंग्रज चित्रकाराने स्वतःच्या गव्हर्नर जनरलवर काढलेलं, दुकानाच्या काचेत टांगून विकलेलं, आणि त्याबद्दल कुणी त्याला आत टाकलं नाही. हे वाचताना आपण आपल्या काळाचा विचार करायचा नाही असं मी ठरवलंय, बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

प्रत्यक्षात काय झालं तर मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोचला, १५ मेला अरकेरेची लढाई जिंकलाही, पण तोवर पाऊस लागला, बैल मेले, धान्य संपलं, छावणीत देवीच्या रोगाची साथ. तोफा ओढायला जनावरं नाहीत म्हणून वेढ्याच्या मोठ्या तोफा स्वतःच्या हाताने फोडून टाकल्या आणि मागे फिरला. आणि फिरल्या फिरल्या वाटेत घोडेस्वार दिसले ते शत्रूचे समजून धावपळ उडाली, तर ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेचे, टिपूविरुद्ध इंग्रजांशी झालेल्या तहाप्रमाणे मदतीला आलेले. टिपूच्या हेरांनी निरोप असे अडवले होते की मराठे इतके जवळ आलेत हे इंग्रजांना माहीतच नव्हतं.

मराठ्यांच्या छावणीतला बाजार तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांनी डोळे विस्फारून बघितलाय. उपाशी फौज एकीकडे आणि दुसरीकडे दुकानांत काश्मिरी शालीपासून बर्मिंगहॅमच्या चाकूपर्यंत सगळं मिळतंय. धान्यही मिळालं, पण भाव आपल्या वाण्यांनी लावले ते लावलेच, मदत मदतीच्या जागी.

पुढे फेब्रुवारी १७९२ मध्ये परत वेढा पडला आणि टिपूला निम्मं राज्य सोडावं लागलं, त्यात निजाम आणि पेशव्यांचाही वाटा. माघारीची बातमी लंडनला पोचायला सहा महिने लागले, म्हणून चित्र डिसेंबरचं. दुकानाबाहेर लोक खो-खो हसत होते तेव्हा इकडे पुढच्या स्वारीची तयारी पूर्ण होत आली होती.

वकीलसाहेब

सगळे प्रतिसाद छान पण मला एक गोष्ट खटकते ती लिहितो, पटली नाही तर सोडून द्या.

त्या हत्तीच्या चित्रात सत्तेची हाव दाखवायला सेयर्सला पगडी, हत्ती आणि खान लागतो. म्हणजे इंग्रज माणूस हुकूमशहा झाला हे सांगायला आधी त्याला हिंदुस्थानी करायचं, जणू जुलूम ही पूर्वेकडून येणारी वस्तू आहे, जहाजातून मिरीसारखी. पण तेव्हा बंगालमध्ये जुलूम कोण करत होतं? ज्यांच्या डोक्यावर पगडी नव्हती ते. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसं किड्यामुंगीसारखी मेली तरी कंपनीची महसूल वसुली सुरूच होती, आणि १७८३ च्या या चित्रात कंपनी कोण? तर बिचारी, जिच्या घरावर हत्ती चालून येतोय ती! ज्या बिलाने तिला जाब विचारला असता ते बिल या चित्राच्या मदतीने पडलं. आणि पिटने सेयर्सला नंतर एक्सचेकर कोर्टात सरकारी जागा दिली, म्हणजे सुपारी नसेल पण बक्षिसी तर होतीच. सेयर्स मुळात वकील होता, आमच्याच धंद्यातला, त्यामुळे मला आश्चर्य वाटत नाही.

बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या वेळी हा खेळ आणखी स्पष्ट दिसतो. १७८६ मध्ये गिलरे त्याला उंटावर बसलेला, हातात 'इज्जतीची ढाल' धरलेला हिंदुस्थानचा तारणहार दाखवतो आणि बर्क-फॉक्स-नॉर्थ दरोडेखोर. दोन वर्षांनी, वेस्टमिन्स्टरमध्ये महाभियोग सुरू झाल्यावर, १ मार्च १७८८ ला तोच गिलरे त्याच हेस्टिंग्जला लॉर्ड चॅन्सेलर थर्लोच्या खांद्यावर बसवतो आणि थर्लो रक्ताच्या समुद्रातून वाट काढतोय, आजूबाजूला हिंदुस्थानी लोकांची प्रेतं तरंगतायत. हेस्टिंग्जच्या हातात पैशाच्या थैल्या. एवढ्या सगळ्या चित्रांत मला हे एकच असं वाटतं की ज्यात सत्तेची किंमत मोजणारी माणसं दिसतात, भले मेलेली. खटला सात वर्षं चालला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

काळीमांजर

वकीलसाहेब, मुद्दा पटला पण थोडं भांडते. सेयर्सला तुम्ही एकट्याला धरताय. त्या वेळी लंडनमध्ये हिंदुस्थानातून पैसा करून आलेल्या इंग्रजांनाच 'नबाब' म्हणून शिव्या घालत होते, हे लोक पैसे टाकून पार्लमेंटच्या जागा विकत घेतात म्हणून जळफळाट होता. त्यामुळे फॉक्सची पगडी बघून दुकानाबाहेरच्या माणसाला मुघल बादशहा आठवला असेल तसा शेजारचा नवश्रीमंत कंपनीवालाही आठवला असेल. पगडीचा डंख दोन्हीकडे जातो.

जुनाबाजार

+१ काळीमांजर. वकीलसाहेबांचं मात्र एक म्हणणं मी लावून धरतो, चित्रकार कुणाचा ते आधी विचारायचंच. ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे, वरून हाताने रंग, एक साधी प्रत साधारण एका शिलिंगला आणि रंगीत दोनला. गरिबाला कुठली परवडायला, तो काचेबाहेर उभा राहून फुकट बघायचा. विकत घेणारे हेच लॉर्ड आणि खासदार, कधी कधी स्वतःवरचीच. संध्याकाळच्या पार्टीसाठी चित्रांचं अख्खं बाड भाड्याने मिळायचं. तेव्हा चित्रकाराला दोन्ही बाजूंचं गिऱ्हाईक सांभाळावं लागे, गिलरे दोन वर्षांत पलटतो त्याचं निम्मं कारण हे.

शाईसांडू

बाप रे, मी चार ओळींची अपेक्षा केली होती! सगळ्यांचे आभार. टिपूचं चित्र लगेच शोधून बघितलं, बायकोला दाखवलं, तिने फक्त 'शी' म्हटलं.

एक शेवटचं विचारतो. फॉक्सला हत्तीवर बसवून पिटला सत्ता मिळाली, मग हिंदुस्थानचा कारभार पिटने स्वतःकडे घेतला नाही का? आणि घेतला तर त्याच्यावर कुणी असं चित्र काढलं नाही?

जुनाबाजार

घेतला ना. १७८४ मध्ये पिटने स्वतःचा इंडिया ॲक्ट आणला, सात कमिशनरांऐवजी बोर्ड ऑफ कंट्रोल, म्हणजे कंपनीवर देखरेख करणारं सरकारी मंडळ. कंपनीच्या वशिल्याच्या नेमणुका कंपनीकडेच ठेवल्या म्हणून कंपनी गप्प बसली, पण लगाम सरकारकडेच आला. आणि बोर्डावर खरा कारभारी झाला हेन्री डंडास, आपली स्कॉटिश माणसं हिंदुस्थानात भरण्यासाठी बदनाम, तर गिलरेने मार्च १७८७ मध्ये त्यावर चित्र काढलंच, त्यात डंडासला 'स्कॉटिश हुकूमशहा' म्हटलंय. म्हणजे फॉक्सवर जो आरोप करून सरकार घालवलं तोच तीन-चार वर्षांत पिटच्या माणसावर.

पिटवर तर ढीगभर आहेत. सगळ्यात विखारी डिसेंबर १७९१ चं, त्यात पिट म्हणजे उकिरड्यावर उगवलेली कुत्र्याची छत्री आणि तिची मुळं बघावीत तर राजमुकुटाच्या आकाराची. हत्ती नाही, राक्षस नाही, एका बोटाने मोडेल अशी छत्री, पण उगवलीये मुकुटातून.

मग १७९७ मध्ये कॅनिंगच्या मध्यस्थीने गिलरेला सरकारकडून गुपचूप वर्षाला २०० पौंड पेन्शन सुरू झालं (काळीमांजरने लिहिलेला अंगठ्याचं चुंबन घेणारा तोच कॅनिंग), आणि पिट त्याच्या चित्रांत बरा दिसायला लागला. १८०१ मध्ये पिटचं सरकार गेलं, पेन्शन थांबलं. आणि फेब्रुवारी १८०५ मध्ये, पिट परत पंतप्रधान असताना, त्याच गिलरेने त्याला नेपोलियनसमोर टेबलावर बसवलं, मधे पृथ्वीएवढं वाफाळतं पुडिंग, नेपोलियन तलवारीने युरोप कापतोय आणि पिट शांतपणे त्रिशूळासारखा काटा खुपसून सगळा समुद्र स्वतःच्या ताटात ओढतोय. दोघांपैकी मोठा तुकडा पिटचाच आहे, मोजून बघा.